कारखान्याच्या जवळ राहा

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका 29 वर्षांची, मूळची सोलापूरची. पुण्यात अर्थशास्त्र शिकली, इंग्लंडमध्ये एम.एस्सी. केलं आणि एका फेलोशिपवर पूर्व आफ्रिकेतल्या एका देशाच्या सरकारी खात्यात औद्योगिक धोरणाची सल्लागार म्हणून रुजू झाली. तयार कपड्यांचा उद्योग कसा वाढवायचा, परदेशी गुंतवणूकदारांना काय सवलती द्यायच्या, हे तिचं काम. दोन वर्षांचा करार आता संपत आला आहे. मेहनतीने लिहिलेलं धोरणपत्र वरिष्ठांच्या कपाटात पडून आहे. ज्या औद्योगिक वसाहतीसाठी तिने रोजगाराचे अंदाज बांधले, तिथला सर्वांत मोठा कारखाना बंद झाला. शेजारच्या टेबलावर तेच काम करणाऱ्या स्थानिक सहकाऱ्याचा पगार तिच्या पगाराचा पाचवा हिस्सासुद्धा नाही, आणि हे तिला खुपतं. पुढे तीन वाटा आहेत: त्याच खात्यात कमी पगारावर वर्षभराची मुदतवाढ, युरोपातल्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेत अकरा महिन्यांचं कंत्राटी काम, किंवा मुंबईतल्या कन्सल्टिंग कंपनीत नोकरी. आई-वडील 'आता परत ये' म्हणतात. वडील सोलापूरच्या गिरणीत होते, आणि गिरणी बंद पडल्यावर घराचं काय झालं ते तिने लहानपणी पाहिलं आहे. तिचे प्रश्न: 'दोन वर्षं वाया गेली का? बाहेरून येऊन सल्ला द्यायचा मला अधिकार आहे का? आणि आता कुठे जाऊ?'

आधी बंद पडलेल्या कारखान्याबद्दल बोलू, कारण तुझे बाकीचे प्रश्न मला त्यातूनच निघालेले दिसतात. तू त्या कारखान्याला बाबांच्या गिरणीशेजारी नेऊन ठेवलंयस आणि या वेळी दोष स्वतःच्या माथी घेतलायस. तू काम करतेस त्या देशाचं नाव तू लिहिलं आहेस, ते मी इथे देत नाही. पण शेजारच्या इथिओपियात काय घडलं ते तुला माहीतच आहे, वाचकांसाठी सांगते.

अदिस अबाबाच्या दक्षिणेला साधारण पावणेतीनशे किलोमीटरवर हवासा नावाचं तळ्याकाठचं शहर आहे. तिथे सरकारने कपड्यांच्या कारखान्यांसाठी मोठी वसाहत उभारली. चिनी कंपनीने बांधकाम केलं, 2016 च्या जुलैमध्ये उद्घाटन झालं. सांडपाणी बाहेर न सोडता शुद्ध करून पुन्हा वापरायची यंत्रणा एका भारतीय कंपनीने बसवली. केल्विन क्लाइन आणि टॉमी हिलफिगर या ब्रँडची मालक असलेली पीव्हीएच ही अमेरिकन कंपनी आली आणि तिच्यामागून तिचे पुरवठादार आले. सगळ्यांचा भरवसा अमेरिकेच्या आगोआ कायद्यावर होता. 2000 सालच्या या कायद्यामुळे आफ्रिकेतल्या पात्र देशांचा माल अमेरिकेत आयातशुल्काशिवाय जायचा. मग 2020 च्या नोव्हेंबरात, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, तिग्राईत युद्ध पेटलं. 2021 च्या नोव्हेंबरात पीव्हीएचने हवासातला कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि 1 जानेवारी 2022 पासून अमेरिकेने इथिओपियाची आगोआ सवलतच काढून घेतली. शिलाई मशीनवर बसलेल्या मुलींचा त्या युद्धाशी काय संबंध होता? तरी काम त्यांचंच गेलं.

हे युद्ध कुठल्याही सल्लागाराच्या एक्सेल शीटमध्ये मावलं नसतं. ते ओझं तू घेऊ नकोस. पण त्यातला एक भाग मात्र सल्लागाराच्या वाट्याचा आहे आणि तो मी तुला माफ करणार नाही. सगळा उद्योग एकाच बाजारावर आणि त्या बाजाराने दिलेल्या एकाच सवलतीवर उभा करायचा का, हा प्रश्न धोरण लिहिणाऱ्यानेच विचारायचा असतो. रवांडाने 2016 मध्ये जुन्या कपड्यांवरचं आयातशुल्क वाढवलं, तर 2018 मध्ये अमेरिकेने त्यांच्या कपड्यांची सवलत स्थगित केली. जीन्स शिवून जगणाऱ्या लेसोथोवर 2025 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने 50 टक्के शुल्क जाहीर केलं आणि ऑगस्टमध्ये ते 15 टक्क्यांवर आणलं. मधल्या काळात ऑर्डरी अडकल्या आणि माणसं घरी बसली. खुद्द आगोआची मुदत 2025 च्या सप्टेंबरात संपली. तुझे रोजगाराचे अंदाज पुन्हा उघड आणि बघ: 'ही सवलत उद्या गेली तर' असा एक तरी रकाना त्यात आहे का? नसेल तर आता घाल आणि खात्यात ठेवून ये. पुढच्या वसाहतीचा हिशेब करणाऱ्याला तो उपयोगी पडेल.

आता कपाटातल्या धोरणपत्राबद्दल. तू असं धरून चालली आहेस की लिहिलेलं अमलात आलं तरच काम झालं. मॉरिशसची गोष्ट आठव. आपली मराठी माणसं तिथे गिरमिटाच्या काळापासून, ऊसमळ्यांवर मजुरीला गेल्यापासून आहेत, म्हणून ते बेट आपल्याला तसं परकं नाही. स्वातंत्र्याआधी ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी तिथे अभ्यास केला आणि 1961 मध्ये अहवाल आला. पुढे त्यांना नोबेल मिळालं, म्हणजे माणूस साधासुधा नव्हता. लोकसंख्या भराभर वाढतेय, हाताशी ऊस सोडून दुसरं काही नाही, भवितव्य कठीण आहे, असं त्यांचं निदान होतं. हातांना काम देणारे उद्योग काढा, असंही त्यांनी सुचवलं होतं. पण निर्यातीसाठी वेगळं क्षेत्र करावं म्हणून जी माणसं पाठीस लागली ती तिथलीच होती. एदुआर लिम फात हे स्थानिक इंजिनिअर-प्राध्यापक त्यात पुढे होते. तैवानकडचे प्रयोग त्यांनी पाहिले होते. 1970 मध्ये कायदा झाला. त्यानंतरही लगेच काही भरभराट झाली नाही. युरोपने साखरेला हमीभाव दिला, त्या पैशांतून स्थानिक मळेवाले कपड्यांच्या धंद्यात उतरले, श्रीमंत देशांनी हाँगकाँगच्या कपड्यांवर आयातीचा कोटा घातला होता म्हणून तिथले कारखानदार आले, आणि मग ऐंशीच्या दशकात बेकारी हटली. अहवालापासून तिथवर वीसेक वर्षं गेली.

तेव्हा दोन वर्षांत कपाट उघडलं नाही म्हणून ती वाया गेली, असं मी म्हणणार नाही. मी वेगळंच विचारीन. सरकार बदललं, नवा मंत्री आला, त्याने विचारलं की 'कपड्यांच्या उद्योगाबद्दल आपल्याकडे काही आहे का?', तर ते कागद बाहेर काढून समजावून सांगणारं माणूस त्या खात्यात असेल का? असेल तर तो तुझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारीच असेल. त्याच्या पगाराबद्दल तुला अपराधी वाटतं हे तुझ्या मनाचा चांगुलपणा सांगतं, पण त्या वाटण्याने त्याच्या हाती काही पडत नाही. धोरणपत्रावर त्याचं नाव आधी घाल. घानाची राजधानी आक्रा इथल्या आफ्रिकी मुक्त व्यापार क्षेत्राच्या बैठकीचं निमंत्रण तुला आलं तर तो जाईल असं बघ. सगळी गणितं सूत्रांसकट त्याच्या कॉम्प्युटरवर असू देत, आणि ज्या कारखान्यांचे व्यवस्थापक तुझा फोन उचलतात, त्यांच्याशी त्याची ओळख तू स्वतः समोरासमोर करून दे. उरलेल्या महिन्यांत हे एवढंच केलंस तरी पुरे.

तुझा दुसरा प्रश्न, अधिकाराचा, मला फार महत्त्वाचा वाटतो. बाहेरच्यांनी दिलेल्या सल्ल्याने आफ्रिकेत काय होऊ शकतं, याचं एक उदाहरण आपल्या कोकणी-गोमंतकीय माणसाला सहज कळेल, कारण त्याचं दुसरं टोक आपल्याकडे आहे. मोझांबिक एके काळी काजू प्रक्रियेत जगात पुढे होता. यादवी युद्धानंतर, नव्वदच्या दशकात जागतिक बँकेने कर्जाबरोबर अट घातली की कच्च्या काजूबीवरचा निर्यातकर कमी करा. शेतकऱ्याला चांगला भाव मिळेल, असा त्यामागचा तर्क होता. कर उतरला, कच्ची बी जहाजं भरभरून भारतात यायला लागली आणि तिथले प्रक्रिया कारखाने एकामागून एक बंद पडले. काही हजार कामगार, त्यात बायकाच पुष्कळ, बेकार झाले. शेतकऱ्याच्या हातात फारसं काही पडलं नाही, मधल्या व्यापाऱ्यांचं बरं झालं. आजही गोव्यातले आणि कोकणातले काजू कारखाने आफ्रिकेतून आलेली बी फोडतात, आणि सिंधुदुर्गातला बागायतदार त्याच आयातीमुळे आपला भाव पडतो म्हणून तक्रार करतो. धागा इतका सरळ आपल्या दारापर्यंत येतो.

तो सल्ला देणारे बाहेरचे होते, हा माझा आक्षेप नाही. सल्ला चुकला तर त्यांचं काहीच बिघडणार नव्हतं, हा आहे. ते पुढच्या देशात, पुढच्या नेमणुकीवर गेले. म्हणून 'मी भारतीय आहे, मला अधिकार आहे का' असं विचारण्यापेक्षा, 'मी जे सांगते त्याचा जाब मला द्यावा लागेल अशा जागी मी आहे का' असं विचार. तुझ्यापुढच्या सगळ्या वाटा मी या एकाच कसोटीवर लावणार आहे.

आणि म्हणून तुझ्या ता. क. कडे येते. पत्र संपवून, सहीच्या खाली तू लिहिलंस: 'एका भारतीय मालकाच्या शिलाई कारखान्याने प्रॉडक्शन प्लॅनिंगला ये म्हणून विचारलंय, पण त्यासाठी थोडंच एवढं शिकले!' तू ही वाट मोजलीसुद्धा नाहीस. मी मात्र तिला सगळ्यात वर ठेवते.

एक साधा शर्ट घे. कापड चीनहून किंवा भारतातून येतं. बटणं, दोरा, कॉलरमधलं बक्रम, साइजचं लेबल, प्लॅस्टिकची पिशवी, हेही बहुतेक बाहेरूनच. माल जिबूतीला किंवा मोम्बासाला उतरतो, कस्टमचे कागद होतात, मग ट्रकने किंवा रेल्वेने आत येतो. लेबलांचा एक खोका बंदरात अडकला की पन्नास-साठ मशीनची लाइन थांबते. लाइन थांबली की टार्गेट चुकतं, मुलींचा इन्सेंटिव्ह बुडतो. जहाज हुकलं तर माल विमानाने धाडावा लागतो आणि त्या ऑर्डरचा नफा तिथेच संपतो. प्लॅनिंगच्या टेबलावर बसलेल्या माणसाला हे रोज दिसतं. कुठली सही कुणाकडे अडते, डॉलर मिळायला बँक किती दिवस लावते, पुठ्ठ्याचे खोके तरी गावात कुणी बनवून देईल का, दिले तर त्यांचा दर्जा खरेदीदाराला चालेल का, हे सगळं. तू लिहिलेल्या धोरणपत्रात स्थानिक पुरवठादार वाढवण्यावर एक प्रकरण आहे म्हणतेस. त्या प्रकरणाचा पहिला पुरवठादार बहुधा तो खोकेवालाच असेल, आणि त्याला काय लागतं हे मंत्रालयातून कळायचं नाही.

मजुरीचंही तसंच. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या अभ्यासकांनी 2019 मध्ये इथिओपियातल्या शिलाई कामगारांचं मूळ वेतन महिन्याला 26 डॉलर असल्याचं नोंदवलं. खासगी उद्योगाला किमान वेतनाचा कायदाच तिथे नव्हता. गुंतवणूकदारांपुढे हीच गोष्ट जमेची म्हणून मांडली गेली. पण खेड्यातून आलेल्या तीन-चार मुली एका भाड्याच्या खोलीत राहतात, भाडं आणि जेवण गेल्यावर घरी पाठवायला काही उरत नाही, आणि मग त्या काम सोडून जातात. शिकवून तयार केलेली माणसं अशी गळत राहिली की कारखान्याला स्वस्त मजूर महागच पडतो. ही गळती तू लाइनवर उभी राहून पाहिलीस, की पुन्हा कुठल्याही माहितीपत्रकात 'स्वस्त मजूर' हे शब्द तुझ्या हातून लिहिले जाणार नाहीत, अशी माझी खात्री आहे. वसाहतीलगत वसतिगृह आणि बसची सोय, हा करसवलतीपेक्षा आधी मांडायचा मुद्दा आहे. हे माझं ठाम मत आहे.

एक मात्र बघून घे. कारखाना कसा आहे याची चौकशी बाहेरून कर, जेवणाच्या सुट्टीत दारात उभ्या असलेल्या मुलींकडून कर. जिथे जादा तासांचे पैसे बुडवतात तिथे शिकायला जाऊ नये. आणि सरकारी खात्यातून थेट त्याच क्षेत्रातल्या कंपनीत जाताना तुझ्या करारात काही बंधन आहे का ते तपास. तू ज्या सवलतींवर काम केलंस त्यांचा फायदा याच कारखान्याला झाला असेल, तर हितसंबंधांचा प्रश्न उभा राहतो. वरिष्ठांना आधी सांगून, काही महिने मध्ये जाऊ देऊनच जा.

मुदतवाढ हा माझ्या यादीत दुसरा. पण नुसती 'अजून एक वर्ष' म्हणून घेऊ नकोस. सचिवांची वेळ माग आणि सरळ विचार, की या वर्षात कोणता निर्णय प्रत्यक्ष व्हायचा आहे आणि त्यात माझं काम काय? कस्टमची सगळी कामं एकाच खिडकीवर आणायची आहेत, शुल्कपरताव्याचे नियम बदलायचे आहेत, रिकाम्या शेडसाठी नवा भाडेकरू आणायचा आहे, असं काही ठोस असेल तर कमी पगारावरही राहा. आणखी एक धोरणपत्र लिहायचं असेल तर नम्रपणे नाही म्हण.

युरोपचा करार आत्ता नको. ही संस्था वाईट आहे म्हणून नव्हे. त्या कामात तू दहा देशांचे दहा अहवाल चाळशील, कुठल्याही एका कारखान्याला उत्तरदायी नसशील, आणि अकरा महिन्यांनी पुन्हा अर्ज करत बसशील. शिवाय मदतीचा पैसा आटतो आहे. अमेरिकेची यूएसएड ही यंत्रणा 2025 च्या जुलैपर्यंत गुंडाळली गेली, ब्रिटननेही परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.5 टक्क्यांवरून 2027 पर्यंत 0.3 टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं आहे. या पैशावर उभी असलेली सल्लागारी आधी कंत्राटी लोकांवर कुऱ्हाड चालवते. पस्तिशीत, एखाद्या उद्योगाची आतून ओळख झाल्यावर, अशाच संस्थेत पक्क्या पदावर गेलीस तर तुझ्या शब्दाला वजन असेल. आयव्हरी कोस्टमधल्या आबिजानची आफ्रिकी विकास बँकही लक्षात ठेव. भारत 1983 पासून तिचा सभासद आहे, त्यामुळे आपल्याला तिथे अर्ज करता येतो. फ्रेंच मात्र शिकून घे.

मुंबई म्हणजे कन्सल्टिंगच, असंही नाही. हे मी या क्षेत्रात यायचं म्हणणाऱ्या इतर मुलामुलींसाठीही लिहिते. निर्यात-आयात बँकेचं मुख्यालय मुंबईत आहे. तिच्या कर्जांवर आफ्रिकेत पुष्कळ कामं उभी राहिली. इथिओपियाच्या साखर कारखान्यांना 64 कोटी डॉलरचं कर्ज याच मार्गाने मिळालं, आणि त्यातला तेंदाहोचा कारखाना वर्षानुवर्षं रखडला. ऊस, पाणी, गाळपाचा हंगाम आणि कारखान्याची क्षमता यांचा मेळ का बसत नाही, हे आपल्या मुलखात वाढलेल्या माणसाला पुस्तक न वाचता समजू लागतं. बजाजच्या मोटरसायकली युगांडात, नायजेरियात टॅक्सी म्हणून धावतात, त्यांचे सुटे भाग आणि जोडणी तिथेच व्हावी म्हणून त्या सरकारांचे प्रयत्न चालू आहेत. असं काम पुण्यात किंवा संभाजीनगरच्या वाळूजमध्ये बसूनही आफ्रिकेच्या उद्योगाचंच होतं. परत येणं म्हणजे हार, ही समजूत सोड. फक्त जिथे येशील तिथे माल बनत असला पाहिजे.

घरच्यांचं म्हणशील, तर त्यांना 'बघू' म्हणत राहू नकोस. त्यांना तारीख सांग: अमुक महिन्यापर्यंत मी इथे, मग पुन्हा बसून ठरवू. अनिश्चिततेने आई-वडील जास्त थकतात. लग्नाचा विषय तू ओझरता लिहिला आहेस, त्यावर मी इथे बोलत नाही, तो तुझ्या वेळेने होऊ दे.

बाबांशी मात्र या वेळी निराळं बोल. आजवर तू त्यांच्याकडे गिरणीत होरपळलेला माणूस म्हणूनच पाहत आलीस. पण ते गिरणी आतून ओळखणारे आहेत, तुझ्या खात्यात असा एकही माणूस नाही. त्यांना विचार, बंद पडायच्या आधी गिरणीत काय दिसायला लागलं होतं? सुताचा पुरवठा अधूनमधून तुटायला लागला होता का? बिघडलेल्या मागाचा सुटा भाग मागवणं कधी थांबलं? पगार पहिल्यांदा लांबला तेव्हा मालक काय म्हणाले? हुशार कारागीर आधी कोण सोडून गेले? ते सांगतील ते लिहून घे. तुझ्या वसाहतीतले जे कारखाने अजून चालू आहेत, त्यांत यातलं काय दिसतंय ते जाऊन बघता येईल, आणि खात्याला वेळेत सावध करता येईल.

तू पुढच्या महिन्यात सोलापूरला येणार आहेस. त्याआधी त्या कारखान्याच्या मालकाला नकार कळवू नकोस. नोकरीचं नंतर ठरवू म्हणावं, आधी आठवडाभर कटिंगपासून पॅकिंगपर्यंत उभं राहून बघायला परवानगी मिळेल का, एवढं विचार. शेजारच्या सहकाऱ्यालाही बरोबर ने.